अडतीस पानांचा भाव

इजिप्तमधल्या मीत सवाकी गावात लाकडाची अक्कल नसलेला माणूस दिवसा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. दुमयात शहर हाकेच्या अंतरावर, आणि तिथल्यासारखंच इथेही घरटी एक सुतार. अशा गावच्या शिक्षण कचेरीत खरेदी विभागाची खुर्ची सांभाळायची म्हणजे विस्तवाशी खेळ, आणि सफ्वतसाहेबांनी तो एकोणीस वर्षं खेळला होता. एक दमडी खाल्ली नव्हती. त्यांचे वैरीसुद्धा म्हणायचे, माणूस खडूस आहे, पण हात स्वच्छ आहे. सफ्वतसाहेबांना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते जरा जास्तच ठाऊक होतं.

त्यांचा जीव होता अटींच्या वहीत. सरकारला काही विकायचं तर आधी कचेरीच्या खिडकीवर ही वही विकत घ्यायची, तिच्या पानापानावर सही करायची आणि भावाच्या कागदासोबत पाकिटात घालून लाखेनं बंद करायची. सफ्वतसाहेब खुर्चीत बसले तेव्हा वही सहा पानांची होती. दुसऱ्याच वर्षी हमदी नावाच्या कंत्राटदारानं बीच झाडाचं टणक लाकूड सांगून आत भुशाची फळी घातली, एक बाक मोडलं आणि एका मुलीचा हात गेला प्लास्टरमध्ये. साहेबांनी अट घातली: दर दहा बाकांतलं एक वजन टांगून मोडेपर्यंत तपासायचं, आणि मोडलेलं बाक कंत्राटदाराच्या माथी. पुढे एकानं नमुना एका लाकडाचा दाखवला आणि माल दुसऱ्याचा दिला. लगेच दर वीस बाकांमागे लाकडाचा तुकडा कैरोच्या प्रयोगशाळेत पाठवायची अट आली. एक जण बाकं शाळेच्या फाटकात टाकून पळाला. त्याच्यावरून दोन पानं वाढली. चोर येत गेले, जात गेले आणि मागे आपापलं कलम ठेवून गेले. काढलं मात्र एकही नाही. आता वही अडतीस पानांची झाली होती, आणि साहेब ती हातात घेत तेव्हा नातवंडाला घेतल्यासारखी घेत.

पहिल्या वर्षी नऊ पाकिटं आली होती. मग पाच, मग दोन. साहेबांना वाटलं, चोर पळाले.

त्या ऑगस्टमध्ये दोनशे चाळीस बाकांची निविदा निघाली. पाकिटं फोडायच्या दिवशी कचेरीच्या दालनात साहेबांच्या अध्यक्षतेखाली समितीचे पाच जण बसले होते, आणि गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका अब्ला इनायत मुद्दाम आल्या होत्या, कारण त्यांच्या शाळेत तीन वर्ग बाकांवाचून होते. पाकिटांवर अपूर्णांकासारखा आकडा टाकायचा असा नियम आहे: वर पाकिटाचा क्रमांक, खाली एकूण पाकिटं. साहेबांनी लाल पेन उघडून लिहिलं, एक छेद एक. कारण पाकीट एकच होतं. ते होतं सुतार अतियाचं; कसबी कारागिराला इथे उस्ता म्हणतात.

उस्ता अतिया समोरच्या खुर्चीत बसला होता. साठीतला माणूस, बोटांच्या पेरांत लाखेचा रंग कायमचा मुरलेला, कानावर चपटी पेन्सिल. साहेब आणि तो एकाच शाळेत, एकाच चटईवर शिकलेले. साहेबांनी भावाचा कागद काढला आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचला. एका बाकाला दोन हजार चारशे ऐंशी पौंड.

अब्ला इनायत यांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि विचारलं, “उस्ता, वसंतात मशिदीच्या मकतबशाळेला बाकं केलीस. काय भावानं?”

“साडेतेराशे.”

“हीच बाकं?”

“हीच.”

“अल्लाच्या घरी साडेतेराशे आणि सरकारच्या दारी अडीच हजार. मध्ये रस्त्यात काय झालं?”

अतियानं मान खाली घातली. “कागदावर आहे तोच भाव, साहेब. मला याच्या खाली येता येत नाही.”

इथे थांबायला हवं होतं. निविदा महाग आहे, रद्द करतो, एवढं म्हटलं असतं तरी कायदा समाधान पावला असता. पण समोर पाच माणसं होती, एक बाई होत्या, दारात दोन कारकून टेकले होते, आणि साहेबांना बोलायची हुक्की आली. ते म्हणाले, “मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पुष्कळ पाहिले. पोरांच्या बुडाखालचं बाक खाणारा आज पाहिला.”

दालन हसलं. कारकून तर भिंतीला धरून हसले. अतियानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, आणि सलाम करून उठून गेला. साहेबांनी इतिवृत्तात लिहून घेतलं: निविदाकाराच्या हावेमुळे भाव अवाजवी, निविदा रद्द. खाली ठसठशीत सही केली. अब्ला इनायत यांनी विचारलं की आता मुलांचं काय, शाळा तर महिन्यावर आली. साहेब म्हणाले, दोन-चार महिने चटईवर बसतील; आम्ही नाही का बसलो. चोरीच्या बाकापेक्षा इमानाची चटई बरी.

साहेबांचं वाक्य अस्राच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाआधीच गावभर झालं. नाक्यावरच्या चहाखान्यात तर त्याला कोंबच फुटला. तिथला वाढपी झकी जिभेचा तिखट. अतिया तीस वर्षं रोज संध्याकाळी खिडकीखालच्या एकाच खुर्चीत बसायचा. त्या दिवशी तो आला, टेकला, आणि झकीनं आत आरोळी दिली, “एक चहा, उस्ता अतियाला, सरकारी भावानं.” सगळा चहाखाना खदखदला. दोन टेबलं सोडून सफ्वतसाहेब बसले होते. तेही हसले. चांगलं पोट धरून हसले.

अतियानं चहा पिऊन संपवला, पैसे बशीत ठेवले आणि गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नंतर कुणी त्याची वाट पाहिली नाही. खुर्ची मिटून भिंतीला लावून ठेवली गेली. आरोळी मात्र राहिली. महाग मासळी दिसली की लोक म्हणायचे, अतियाच्या भावाची आहे.

शाळा सुरू झाली. तीन वर्ग चटयांवर बसले. ज्यांच्या खिशाला परवडत होतं त्या आईबापांनी एक नवाच मार्ग काढला: थेट अतियाच्या कारखान्यात जायचं, आपल्या पोरासाठी एक बाक करून घ्यायचं आणि गाडीत घालून वर्गात नेऊन ठेवायचं. महिन्याभरात अशी वीस-पंचवीस बाकं झाली. ज्यांना परवडत नव्हतं त्यांची पोरं खालीच होती आणि वर बसलेल्यांचे बूट त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

साहेबांची नात मलक दुसरीत होती. एका दुपारी साहेब जेवायला घरी आले तर अंगणात कोरं करकरीत बाक. त्यांची बायको तहिया त्यावर फडकं मारत होती. साहेबांनी विचारलं, हे काय. ती म्हणाली, “तुमच्या इमानाच्या चटईवर पोरीला सर्दी झाली. मी बाक आणलं. साडेतेराशे पडले, माझ्या भिशीतले.”

साहेबांनी बाक उलटं केलं, सांध्यांवर बोट वाजवलं, नखानं लाखेचा पोत पाहिला. बीचचंच लाकूड. सांध्यात कागद सरकला नसता. आणि भाव साडेतेराशे. त्यांच्या मनात एकदम उजेड पडला: हा तर पुरावा. त्यांनी तहियाकडून पावती घेतली आणि ताटावर न बसताच निघाले. ती मागून, मुलाच्या नावानं नेहमीची हाक मारत म्हणाली, “अबू हाझेम, निदान दोन घास खाऊन भांडा.” त्यांनी ऐकलं नाही.

कारखान्यात अतिया एकटाच होता, रंधा मारत. ढलप्यांचा ढीग घोट्यापर्यंत आला होता. साहेबांनी पावती कामाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, आता बोल. तेच लाकूड, तोच हात. माझ्या बायकोला साडेतेराशे आणि माझ्या कचेरीला अडीच हजार. हे चोरी नाही तर काय, ते मला समजावून सांग, मी शिकायला आलोय.

अतियानं रंधा बाजूला ठेवला. स्टुलावरच्या ढलप्या हातानं झटकून ते पुढे सरकवलं. फडताळातून अटींची वही काढली. तिच्या कडा हाताळून मळल्या होत्या. तो म्हणाला, “बसा. वाचा. तुम्हीच लिहिलीय, तुमच्याच तोंडून ऐकू.”

“मला पाठ आहे.”

“मग तर सोपं.”

साहेबांनी वाचायला सुरुवात केली, जरा ऐटीतच. दर दहांतलं एक बाक मोडून पाहायचं. अतियानं कानावरची पेन्सिल काढली आणि जवळच्या फळीवर लिहिलं: चोवीस बाकं जास्त. “तहियाबाईंनी बाकावर थाप मारली, म्हणाल्या छान आहे. एकही मोडलं नाही,” तो म्हणाला. साहेब पुढे गेले. लाकडाचा तुकडा कैरोला. अतियानं बारा वेळा जाण्यायेण्याचा खर्च लिहिला, आणि प्रयोगशाळेची फी, आणि अहवाल येईस्तोवर कारखान्यात अडून राहिलेला माल. स्क्रू अमुकच देशाचे, मूळ दाखल्यासह. गावात तेच स्क्रू वजनावर मिळत होते. दाखला मात्र बंदरावरच्या एकाच दलालाकडे मिळायचा, आणि तो दाखल्याचेच पैसे घ्यायचा. साहेबांना आठवेना ही अट कोणत्या चोरावरून आली. बहुधा स्क्रू गंजले होते कुणाचे तरी.

पान बावीस. स्वीकृती समितीच्या तिन्ही सभासदांच्या सह्या होईपर्यंत माल शाळेच्या आवारात निविदाकाराच्या जबाबदारीवर राहील. विलंब झाल्यास रोजचा दंड.

“चार वर्षांपूर्वी मी दिलेली बाकं आठवतात?” अतियानं विचारलं. “तिघे सभासद. एक हजला गेला, एकाची बदली झाली, तिसऱ्याला त्या दोघांशिवाय सही करायची नव्हती. सात आठवडे बाकं दवात. मी रखवालदार ठेवला, ताडपत्री आणली, तरी लाख फुगली. पुन्हा घासून पुन्हा लावली. आणि वर उशिराचा दंड.”

“दंड समितीला लागायला हवा होता,” साहेब बोलून गेले.

“तसं कलम नाही वहीत.”

साहेबांचा आवाज आता उतरला होता. अतियानं उरलेली पानं स्वतःच चाळली आणि शेवटचं उघडलं, जिथे पैसे कधी मिळतील ते लिहिलं होतं. लिहिलं होतं, सर्व कागद पूर्ण झाल्यावर. एवढंच. मागच्या खेपेला चौदा महिने लागले होते. तेवढ्यात डॉलर चढला, लाकूड दीडपट झालं, आणि लाकूडवाल्याची उधारी फेडायला अतियानं बायकोच्या बांगड्या दुमयातच्या सराफाकडे नेल्या होत्या. हे त्यानं रडून सांगितलं नाही; स्क्रूचा भाव सांगावा तसं सांगितलं. “चौदा महिन्यांतले पाच,” तो म्हणाला, “तुमच्याच टेबलावर गेले. एका कागदावर शिक्का अर्धवट उमटला होता. तुम्ही तीनदा परत पाठवलात.”

ते खरं होतं. साहेबांना तो शिक्कासुद्धा आठवला, डावीकडून फिका. त्या दिवशी घरी जेवताना त्यांनी तहियाला कौतुकानं सांगितलं होतं की आपल्या नजरेतून शिक्क्याची कडसुद्धा सुटत नाही.

अतियानं फळीवर खाली रेघ मारली, दर बाकामागे बेरीज केली आणि फळी त्यांच्याकडे वळवली. दोन हजार पाचशे तीस.

“तू तर चोवीसशे ऐंशी लावले होतेस.”

“पन्नास मी सोडले. शाळा आपली आहे.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत झाली होती. एकोणीस वर्षं ते चोर शोधत होते, आणि चोरांचा सगळा दंड दर वेळी नव्या माणसाकडून वसूल करत होते. हमदीनं भुशाची फळी घातली त्याची किंमत अतिया भरत होता. बाकीचे आठ सुतार शहाणे, ते केव्हाच दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे गेले. हा एक मागे राहिला, त्यानं जे आहे ते कागदावर मांडलं, आणि त्यालाच साहेबांनी भरल्या दालनात चोर ठरवलं. साहेबांचे कान तापले. त्यांना वाटलं, ढलप्यांचा हा ढीग आणखी उंच असता तर बरं झालं असतं.

“तू तेव्हाच का नाही बोललास?” त्यांनी विचारलं.

“चोर म्हटल्यावर हिशेब सांगितला की लोक म्हणतात, चोर हुशार आहे.”

साहेब कसेबसे उठले. माफी हा शब्द त्यांच्या जिभेवर आला, पण खालच्या लोकांकडून तो ऐकायची सवय झालेल्या माणसाला तो उच्चारता येईना. पावती मात्र त्यांनी घडी करून खिशात टाकली, जणू तीच चुकीची होती.

पुढचे चार दिवस कचेरीत त्यांनी लाल पेन घेऊन वही कापली. वरच्या साहेबांशी वाद घातला, पैशाला साठ दिवसांची मुदत लिहून घेतली, सह्या एकाच दिवशी आणि त्याही कारखान्यातच होतील असं कलम केलं. वही नऊ पानांची झाली. निविदा पुन्हा निघाली. पण रात्रंदिवस टोचत होतं ते दुसरंच. मग त्यांना सुचलं. भावाच्या कागदावर खाडाखोड असली की समितीच्या अध्यक्षानं तिच्याभोवती लाल गोल काढून सही करायची, असा नियम आहे. त्यांनी ऑगस्टचं इतिवृत्त काढलं, ‘निविदाकाराच्या हावेमुळे’ या शब्दांभोवती लाल गोल काढला, समासात लिहिलं, ‘चूक अध्यक्षाची, निविदाकाराची नव्हे’, आणि सही केली. नक्कल घेऊन ते कारखान्यात गेले. त्यांना जरा हलकं वाटत होतं. आपण मोठं काही केलं असंही वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

अतियानं कागद उजेडात धरून वाचला. व्यवस्थित घडी घातली आणि परत दिला.

“चहाखान्यात इतिवृत्त वाचत नाहीत, साहेब,” तो म्हणाला, आणि रंधा उचलला.

शुक्रवारच्या नमाजानंतर चहाखाना भरलेला असतो. साहेब आले, नेहमीच्या टेबलाशी बसले. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. बाजूला कुणीतरी संत्र्यांच्या भावावरून कुरकुरत होतं, आणि झकीनं सवयीनं टोला हाणला, “संत्री अतियाच्या कारखान्यातली दिसतात.” लोक हसले. साहेब उभे राहिले.

“तो भाव माझा होता,” ते म्हणाले.

लोकांना वाटलं, साहेब नवीन विनोद सांगताहेत. हशा आणखी वाढला. कुणी टाळीसाठी हात पुढे केला. साहेब तसेच उभे राहिले, आणि हशा ओसरेपर्यंत त्यांना जे वाटलं ते एकोणीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी अतिया हेच पाहत बसला होता, चहा संपेपर्यंत. मग त्यांनी कोटाच्या खिशातून जुनी अडतीस पानी वही काढली आणि वाचायला लागले. हा गाव सुतारांचा. समजावून सांगावं लागलं नाही. दहांतलं एक मोडायचं म्हटल्यावर मागचा एक म्हातारा सुतार “या अल्ला” म्हणाला. दाखल्याचे स्क्रू ऐकून हसू आलं ते वेगळं होतं. सात आठवडे दवात म्हटल्यावर कुणीच हसलं नाही. साहेबांनी शिक्क्याची गोष्टही सांगितली, आपल्या टेबलावरचे पाच महिनेही सांगितले. आवाज दोनदा फाटला.

शेवटी झकीनं विचारलं, “मग उस्ताला त्यात सुटणार होतं काय?”

“पन्नास पौंड पदरचे गेले असते. दर बाकाला.”

झकीनं खांद्यावरचं फडकं काढलं, भिंतीला लावलेली मिटलेली खुर्ची उघडली, पुसली आणि खिडकीखाली ठेवली. साहेब म्हणाले, कुणीतरी जाऊन उस्ताला बोलावून आणा, चहा माझ्याकडून.

“आम्ही कशाला,” झकी म्हणाला, फार हळू आणि अजिबात चेष्टा न करता. “घालवलंत तुम्ही. तुम्हीच जा.”

चहाखान्यापासून कारखाना शंभर पावलांवर, आणि रस्ता सरळ; बसलेल्या प्रत्येकाला दिसणारा. साहेब भर दुपारी त्या रस्त्यानं निघाले. पाठीवर चाळीस माणसांची नजर होती आणि त्यांपैकी एकही माणूस हसत नव्हता, त्यामुळे चालणं अधिकच अवघड झालं. कारखान्याचं दार शुक्रवार म्हणून अर्धंच उघडं होतं. अतिया आत उंबऱ्याजवळ बसून पटाशीला धार लावत होता. त्यानं वर पाहिलं.

साहेबांनी तोंड उघडलं. साधा सलामसुद्धा पहिल्या खेपेला त्यांच्या तोंडून नीट निघाला नाही; दुसऱ्या खेपेला निघाला, आणि त्याच्या मागोमाग इतके दिवस जिभेवर अडलेला माफीचा शब्द.